धनपालचा भाव

रात्री साडेदहाला आकडा फुटला.
नव्वद हजार, एका हंगामाचे,
वर बूट, हातमोजे, रोज दोन अंडी.

खांडोळीच्या गाडीवर तिथंच दोन पार्ट्या पडल्या.

"नव्वद? बावीस गोल खाल्लेत त्यानं गेल्या साली,"
उमाजी सुतार, तोंडात पाव तसाच,
"गोलला चार हजारांच्या वर पडला की रं."

बाबासो तोरस्कर हिशेबाला कच्चा, आवाजाला पक्का:
"आणि दोन सालांमागं सेमीफायनलला तीन पेनल्ट्या अडवल्या,
त्या कुठल्या खात्यावर टाकतोस?
आपल्याच अडवल्या हुत्या.
स्टेडियमपासनं घरापर्यंत रडत गेलतास तू."

"म्हणून आता त्याला आपण पोसायचा?"

"एकोणतीसचा हाय त्यो."

"कीपरचं वय दाखल्यावर नसतंय, भावा. खांद्यावर असतंय."

मी चहा खाली ठेवला.

रफिक बागवान तव्यावरनं म्हणाला, मैदानाचा दोष,
मार्चात माती उडते, चेंडू दिसत न्हाई.
"मग समोरच्या कीपरला कसा दिसला?"
रफिकनं मान खाली घालून कांदा चिरायला घेतला,
कांदा आधीच भरपूर चिरलेला होता.

वरच्या खिडकीतनं शालनकाकी:
"माझ्या पोराला बारावीला पासष्ट पडले,
त्याला कोण नव्वद देतंय? झोपा आता!"
कुणी झोपलं नाही. कुत्रीसुद्धा.

मधे बाकावर वर्गणीची वही,
तेलाचा डाग पडून पान आरपार दिसणारं.
माझ्या नावापुढं पाचशे. पेन्सिलीनं.

मी उद्यमनगरात लेथवर असतो.
पाव सुताचा फरक मला नखाला कळतो.
उजव्या हाताचं एक बोट पहिल्या पेराशी संपतं,
ज्या साली ते गेलं त्या साली
शेठनं दिवाळीला पगार वाढवला होता.
हे इथं का सांगतोय, माहीत नाही.

तर गेल्या गुरुवारी.
तेव्हा आकडा ठरायचा होता.
धनपाल मगदूम दुकानात आला,
भावाच्या बुलेटचा बुश घेऊन, "जरा बघता का, मामा?"
पावणेआठ झाले होते. मी म्हटलं, शटर ओढ अर्धं,
नाहीतर अजून कोणतरी काम घेऊन येतंय.

त्यानं उजवा हात वर नेला.
कानापर्यंत आला हात
आणि तिथं थांबला,
आटे झिजलेला व्हाइस थांबतो तसा,
जोर लावला तर फिरेल, पण आवळणार नाही.
मग डाव्या हातानं शटर ओढलं, सहज,
जणू आधीपासून डावाच वापरायचा होता.
वळून बघितलं, मी बघितलं का ते.

मी व्हर्नियर शोधत होतो.
व्हर्नियर माझ्या हातातच होता.

बुशाचे पैसे त्यानं दिले, मी घेतले.
जाताना म्हणाला, "तुमची पेठ लई मोठ्यानं वरडती, मामा.
समोर उभं राहिलं की कान बधिर व्हतात.
पाठीमागनं ऐकायला कसं वाटत असंल?"

आता बाबासो माझ्याकडं वळला:
"तू बोल की. तू का गप?
तुझ्या दुकानात येतोय म्हणं त्यो."

सगळे थांबले. तव्यावर अंडं तडतडत होतं.
खरं बोललो असतो तर उमाजी जिंकला असता,
आणि उमाजी जिंकला की महिनाभर ऐकवतो,
हेही एक कारण होतं. छोटं. पण होतं.

म्हटलं, "उंची हाय पोराला."

"बघ!" बाबासोनं मांडीवर थाप मारली.
उमाजीनं पाव गिळला, म्हणाला,
"उंची तर विजेच्या खांबालाबी असती,"
आणि दोन्ही पार्ट्या हसल्या,
आणि हसण्यातच ठराव झाल्यासारखं झालं.

मी वही ओढली,
पेन मागून घेतलं,
पेन्सिलीच्या पाचशेवर शाईनं पाचशे केले.
अपुऱ्या बोटामुळं माझा पाच
नेहमीच थोडा मागं कलतो.

डिसेंबरात पहिला सामना.
उजव्या कोपऱ्यात वरनं चेंडू आला
की मी कुठं बघायचं,
ते अजून ठरलेलं नाही.